दहावं नाव

कोणी “आमचं मत तुमालाच” असं म्हणालं की तो उजव्या हाताची दोन बोटं डोळ्यांसमोर धरायचा. बोटांत काही नसायचं. पण एक डोळा बारीक करून तो असा बघायचा, की जणू काचेची नळी धरली आहे आणि तिच्यावरची रेघ वाचतो आहे. ते माणूस पुढं गेलं की माझ्याकडे वळून हळूच विचारायचा, “पाणी किती धरायचं, वयनी?”

“निम्मं धरा,” मी म्हणायचे.

“निम्मं कमी झालं. त्या बाईचा भाऊ ठेकेदार हाय.”

कडावच्या बाजूला आमचं गाव. रस्त्याच्या या अंगाला माझी पिठाची गिरण आणि त्या अंगाला दूध डेअरी. तिथं त्यानं तीस-बत्तीस वर्षं दूध घेतलं. सकाळ-संध्याकाळ लोकांच्या कॅनमध्ये ती काचेची नळी सोडायची, डिग्री बघायची आणि पाणी घातलेलं असलं तर चारचौघांत न बोलता नुसतं त्या माणसाकडे बघायचं. लोक त्या बघण्याला जास्त घाबरत. डेअरीची नोकरी संपली, पण बघणं राहिलं. दुधाच्या जागी मतदार आले, एवढंच.

तो आमच्या यजमानांचा मित्र. मी त्याला भावजी म्हणायचे. पक्ष कुठला ते विचारू नका. आमच्या लहानपणी एकच पक्ष होता असं आम्हांला वाटायचं, तोच तो. माझ्या सासऱ्यांच्या काळात त्या पक्षानं कोणालाही उभं केलं तरी माणूस निवडून यायचा. उमेदवार गावात आला नाही तरी चालायचं, जीप आली की पुरे. भावजी त्या जीपच्या मागं पळत मोठा झालेला. पुढं त्याच पक्षाचं कर्जत-खालापुरात काय झालं ते तुम्ही पाहिलेलंच आहे.

लोकांकडे जायची त्याची एक पद्धत होती. तो पुढच्या दारानं कधी जात नसे.

“पुढं पुरुष बसलेलं असतात,” तो सांगायचा. “ते सगळ्यांना हो म्हनतात. पाणी प्या म्हनतात, फोटो काढा म्हनतात. मागं बायका भांडी घाशीत असतात. त्यांना काम हाय. त्या खोटं बोलायला थांबत नाय.”

म्हणून गावातली सगळी परसं त्याला पाठ होती. कुठं कुत्रं आहे, कुठं न्हाणीचं पाणी वाटेवर येतं, सगळं. एकदा माझ्या धाकट्या जावेनं परसात तांदळाच्या फेण्या वाळत घातल्या होत्या. हा वर बघत आला आणि खाटेवरच्या फेण्यांवर टेकला. तिनं त्याला त्याच्या पक्षाच्या स्थापनेपासून शिव्या दिल्या. तो ऐकून घेऊन गिरणीवर आला, वही काढली आणि तिच्या नावापुढं लिहिलं, ‘शुद्ध. आपल्या विरोधात.’

“बघा,” तो म्हणाला, “अशी मान्सं पायजेत. पाण्याचा थेंब नाय.”

ही अक्कल त्याला हरल्यावर आली. त्याच्या आधी तोही फसला होता. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, मडकं उपडं घालायचं आणि वर जाळ करायचा. मागच्या पंचायत समितीच्या निवडणुकीत पक्षानं रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या शेतात पोपटी लावली. भावजीनं मडकी मोजली. एका मडक्यामागं दहा माणसं, असा हिशेब करून त्यानं मतं काढली आणि तालुक्याला कळवून टाकलं की गण आपला, जागा आलीच. मतं मोजली तेव्हा कळलं, तीच माणसं तिन्ही पक्षांच्या मडक्यांभोवती बसून उठली होती. माझा मुलगा स्वतः पाच पोपट्या जेवला होता. मला तेव्हाच सांगता आलं असतं, पण मला कोणी विचारलं नाही.

त्यानंतर विधानसभा. तीही गेली. आणि ती गेल्यावर महिन्याभरात आमचे नेते गेले. म्हणजे वारले नाहीत. कळंबच्या एका रिसॉर्टवर मेळावा झाला, तिथं ते समोरच्या पक्षात गेले. जाताना निम्मा तालुका घेऊन गेले. त्यात माझा मुलगाही होता.

पक्षाचं कार्यालय कर्जतला त्या नेत्यांच्याच इमारतीत होतं. भावजीला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो नेहमीप्रमाणे सोमवारी बैठकीला गेला तर वर पाटी दुसरी. आतला शिपाई तोच. त्यानं खुर्ची दिली, चहा दिला.

“मग तुम्ही काय केलंत?” मी विचारलं.

“चहा प्यालो. मग सतरंजी गुंडाळली.”

“कसली सतरंजी?”

“बैठकीची. ती नेत्यांची नाय, वयनी, पक्षाची हाय. मीच नेरळवरनं आनलेली.”

एवढी लांबलचक सतरंजी खांद्यावर टाकून तो एस.टी.नं घरी आला. कंडक्टरनं तिचंही तिकीट काढायला लावलं. पुढं कितीतरी दिवस आमच्या तालुक्यातला तो जुना पक्ष म्हणजे ती सतरंजी आणि भावजी, एवढाच होता. बायकोनं ती पावसाळ्यात भाताच्या कणगीखाली घातली म्हणून त्यांचं भांडण झालं, ते मी गिरणीत ऐकलं.

मग पंचायत समितीची निवडणूक आली आणि जिल्ह्याहून फर्मान आलं. प्रत्येक बूथवर दहा जणांची समिती पाहिजे. संक्रांतीच्या आत. नंतर निरीक्षक येऊन माणसं समोर उभी करून बघणार. ज्या गणात समित्या भरतील तिथंच पक्ष उमेदवार देईल. नाहीतर जागा मित्रपक्षाला. जिल्हा परिषदेची जागा तर मित्रपक्षाला आधीच देऊन टाकली होती.

भावजी उमेदवार नव्हता. होऊही शकत नव्हता, गण आदिवासी महिलेसाठी राखीव होता. मग तुम्हांला काय त्याचं, असं मी विचारलं. तेव्हा तो वही चाळत राहिला.

तालुक्याच्या सरचिटणीसानं त्याचे कष्ट वाचवायचं ठरवलं. आमच्या बूथची दहा नावांची यादी त्यानं तयारच करून मोबाइलवर पाठवली. मतदार यादीतून उतरवलेली. भावजीनं ती गिरणीत उभं राहून वाचली. दळण घेऊन आलेल्या सात-आठ बायका होत्या.

पहिलंच नाव माझ्या मुलाचं. जो समोरच्या पक्षात जाऊन गावप्रमुख झाला होता.

पाचवं नाव खालच्या आळीतल्या एका मुलीचं. ती लग्न होऊन खोपोलीला गेली, तिची मुलगी आता शाळेत जाते. आठवं नाव ऐकून खुद्द ती आठवी बाई, जी तिथं तांदळाचं पीठ भरत होती, म्हणाली, “मी? मला तर कोनी विचारलंच नाय.”

“आता विचारतोय,” भावजी म्हणाला.

“आता नाय म्हनते.”

बायका हसून हसून बसल्या. तोही हसला. पण घरी जाऊन त्यानं सरचिटणीसाला कळवलं की ही यादी फाडा, मी खरी दहा माणसं आणतो. सरचिटणीस म्हणाला, खरी आणायला जाशील तर तीन पण मिळायची नाहीत.

त्याच्याकडे तीन बूथ होते. दोन बूथ त्यानं मार्गशीर्षातच भरले. तिसरा आमचा, गावातला. आपल्याच गावात कठीण. आमच्याच बूथातल्या वाडीवरच्या बायका बऱ्या. तिथल्या एकीनं मोळी डोक्यावर असतानाच नाव सांगितलं. म्हणाली, “तुमी निवडनूक नसताना पन येतास. लिवा.” गावात मात्र प्रत्येकाला मुलाची नोकरी, पाण्याचं कनेक्शन, रिसॉर्टचं काम. समोरच्या पक्षाशी वाकडं नको. तरी त्यानं आठ जमवले. नववी त्याची बायको. ती म्हणाली, “लिवा माजं पन. नायतरी घरात दुसरं काय बोलतास माज्याशी.”

संक्रांतीला चार दिवस राहिले तेव्हा तो माझ्याकडे आला. गिरणीच्या मागच्या दारानं.

“पुढून या,” मी म्हटलं. “मला मतदार समजू नका.”

“एक नाव कमी पडतंय, वयनी.”

मी गिरण बंद केली. काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. मी त्याला सांगितलं की ओढ्यावरचा साकव, साधा पायपूल, तुमच्या पक्षानं तीस वर्षं भाषणात दिला. प्रत्येक निवडणुकीत दिला. दोनदा नारळ फोडला. साकव काही झाला नाही. स्मशान पलीकडे. माझ्या नवऱ्याला नेलं ते श्रावणात, चौघांच्या कमरेला पाणी होतं. तिरडी ओली झाली.

“त्या चौघांत तुम्ही होता,” मी म्हटलं. “पुढं डाव्या बाजूला.”

“व्हतो.”

“मग मला सही कशी मागता?”

तो पिठाच्या पोत्यावर बसला. साकव होईल असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी त्याला तिथूनच घालवला असता.

“नका करू सही,” तो म्हणाला. “साकवाचं तुमी बोलताव ते खरं हाय. माजं दुसरंच हाय. पयल्यांदा मत दिलं तवा शिक्का व्हता. मग बटन आलं. मी आपल्या चिन्हाशिवाय दुसरीकडं हात लावला नाय. या बारीला समिती भरली नाय तर यंत्रावर आपलं चिन्हच नसंल. आत जाऊन मी काय करू, वयनी? तसाच परत येऊ?”

मतासाठी लोक काय काय बोलतात ते गिरणीत बसून मी चाळीस वर्षं ऐकलं आहे. हा मत मागत नव्हता. स्वतःचं मत देता यावं म्हणून दारोदार फिरत होता. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दोन दिवसांनी मी सही केली. दोन अटी घातल्या. निरीक्षक आला तर मी मनात येईल ते बोलणार. आणि माझं मत धरायचं नाही.

“नाय धरत,” तो म्हणाला, आणि माझ्यासमोर वहीत माझ्या नावापुढं शून्य काढलं.

घरी मुलाला कळलं. “आई, तू त्यांच्या समितीत? लोक मला काय म्हनतील?”

“तू त्यांच्यात गेलास तेव्हा लोक मला काय म्हणाले ते विचारलंस का?”

तो जेवायला बसला.

निरीक्षक संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आला. चाळिशीचा, पनवेलकडचा, कपाळावर ऊन लागलेला. डेअरीच्या ओट्यावर ती सतरंजी अंथरली होती. आम्ही दहा जण बसलो. भावजीनं दाढी करताना हनुवटी कापून घेतली होती. निरीक्षक यादीतलं एकेक नाव घेई, माणूस हात वर करी. नऊ झाले. मग मी.

“आजी, तुम्ही पक्षात किती वर्षं?”

“एक दिवस नाही.”

भावजीनं डोळे मिटले ते मला दिसलं.

“मग समितीत कशा?”

“या माणसाला दहावा मिळेना म्हणून. तुमच्या पक्षानं आमचा साकव तीस वर्षं खाल्ला. तुम्ही गाडीनं आलात, ओढ्याच्या अलीकडेच थांबलात ना? पलीकडे जायचं असेल तर विजार वर करा. तुमचे नेते पळाले, जाताना खुर्च्या नेल्या. ही तुम्ही बसलात ती सतरंजी यानं खांद्यावरून आणली म्हणून आहे. एवढं बोलायला मी आले.”

भावजीची बायको हळूच म्हणाली, “बरोबर हाय तिचं.” मग खालच्या आळीतला एक जण म्हणाला की साकव नाही तर नाही, निदान ओढ्यात पाइप तरी टाका. दुसरा म्हणाला पाइप वाहून जातील, उंची वाढवली पाहिजे. दोघांची जुंपली. वाडीवरची मोळीवाली म्हणाली, आमच्याकडे तर रस्ताच नाही आणि तुम्ही पुलावर भांडता. दहाच्या दहा जण एकदम बोलू लागले. निरीक्षक एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला. चहा आला तो निवला.

शेवटी तो उठला आणि भावजीला बाजूला घेऊन गेला. मला वाटलं, झालं. घालवली मी याची जागा. खरं सांगते, तेव्हा मला माझ्या तोंडाचा राग आला. फार वेळा येत नाही.

निरीक्षक बोलला ते मी ऐकलं, कारण मी मुद्दाम जवळ गेले. “काका, चार दिवस समित्या बघतोय. सगळीकडे गुच्छ देतात. पक्ष म्हणजे आमची आई, म्हणतात. शेजारी बसलेल्याचं नाव विचारलं तर माहीत नसतं. इथं निदान माणसं तरी आहेत.” मग त्यानं विचारलं, “ती आजी नेहमी अशीच बोलते?”

“आज जरा कमी बोलली,” भावजी म्हणाला.

आठ दिवसांनी पक्षानं उमेदवार दिला. वाडीवरची सुनीता, बचत गट चालवणारी, तिशीची पोर. भावजी तिला पुढं घालून परसापरसांतून हिंडला. ती पायानं चपळ, हा मागं पडायचा आणि ओरडायचा, “हळू जा गं, मत पळून जात नाय.” समोरच्या पक्षाचा टेंपो रोज माझ्या गिरणीसमोर उभा राहून गाणी लावायचा. वर माझा मुलगा. टेंपो आला की मी गिरण सुरू करायचे. दळायला काही नसलं तरी करायचे. एकदा भावजीनंच त्या टेंपोतल्या लोकांना चहा पाजला आणि जाताना मला म्हणाला, “तुमचा पोरगा शुद्ध हाय, वयनी. आपल्या विरोधात, पन शुद्ध.”

मतदानाला बूथच्या आत पक्षाचा एक माणूस बसावा लागतो. भावजी म्हणाला, तुम्हीच बसा, तुम्हांला सगळ्या गावाचे चेहरे ठाऊक. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण यादीवर खुणा करता येतात. समोरच्या पक्षातर्फे माझा मुलगा बसला. एकाच बाकावर. डबा मी एकच नेला होता. दुपारी भाकरी, सुकट आणि वालाचं बिरडं आम्ही दोघांनी खाल्लं. निवडणुकीचे साहेब बघत होते. त्यांना वाटलं असेल काहीतरी नियम मोडतो आहे, पण तसा नियम त्यांना सापडला नाही.

निकाल सांगून टाकते. सुनीता पडली. पण दुसऱ्या नंबरावर आली, आणि विधानसभेला ज्या पक्षाचं डिपॉझिट गेलं होतं त्याचं आमच्या गणात वाचलं. भावजीनं पेढे वाटले. पडलेल्या निवडणुकीचे पेढे मी पहिल्यांदा खाल्ले. मुलानंही खाल्ले.

बाकी दोन बूथवर त्याचे आकडे बरेच चुकले. आमच्या बूथवर मात्र त्यानं वहीत लिहिलं होतं त्याहून एकच मत जास्त निघालं. तेवढ्यानं तो अस्वस्थ झाला. एकेका परसात जाऊन चौकशी करायचा. माझ्याकडे येऊन वही उघडायचा. “ह्यो एक कोन, वयनी? माज्या हिशेबात बसत नाय.”

“यंत्र चुकलं असेल,” मी म्हणायचे.

“यंत्र कसं चुकंल?”

मला ठाऊक आहे तो एक कोण. त्याला मी सांगितलं नाही, तर तुम्हांला कशाला सांगू?

चैत्र संपता संपता तो गेला. सकाळी छातीत दुखलं, कर्जतच्या दवाखान्यात नेला, संध्याकाळी आणला. ओढा कोरडा होता, नेताना कोणाचे पाय भिजले नाहीत. माझा मुलगा खांदा द्यायला होता. सरचिटणीस आला होता, त्यानं भाषण करायला सुरुवात केली तेव्हा मीच त्याला गप्प बसवलं. आता गिरणीत बायका येतात, राजकारण बोलतात, पण वही काढून लिहून घेणारा कोणी नाही. सगळेच सगळ्यांना हो म्हणतात.

मला तो आठवतो तो मतदानाच्या दिवशीचा. दिवसभर बाहेरच्या टेबलावर बसून लोकांना चिठ्ठ्या देत होता. स्वतः मत द्यायला आला तो अगदी शेवटी, वेळ संपायला थोडी मिनिटं असताना. डोक्याला टोपी नव्हती, पक्षाची खूण आत चालत नाही हे त्याला माहीत होतं. शर्ट धुतलेला. बोटाला शाई लावून घेतली, सही केली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेला.

आम्ही वाट बघत राहिलो. एक जिल्हा परिषदेचं, एक पंचायत समितीचं, अशी दोन बटणं दाबली की यंत्र वाजतं. ते वाजेना. माझ्या मुलानं माझ्याकडे बघितलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. पुठ्ठ्याच्या खाली त्याचे पाय दिसत होते, दोन्ही पाय जुळवलेले, शाळेत उभे करतात तसे.

“काका, काही अडचण आहे का?” साहेबांनी विचारलं. “बटण दाबा.”

“दाबतो,” तो आतून म्हणाला. “जरा बघू तर द्या.”